ग्राफिक्स कार्ड घ्यावे की न घ्यावे?
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

यंदा दिवाळीनंतर आईचा भिशीचा नंबर लागला आणि २०,००० रुपये एकरकमी घरात आले. एवढी रक्कम आमच्याकडे एका वेळी क्वचितच येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडून मी ७,००० रुपये साठवले होते. त्यात आईने १८,००० घातले की २५,००० होतात आणि आरटीएक्स ३०६० हे मधल्या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड येते, असा माझा हिशोब. तिकडे विहिरीवरची मोटार जळालेली, ती भरून आणायची म्हणून वडीलही त्याच पैशांकडे डोळे लावून होते. आई म्हणाली, "देते की गं. पण त्यानं होणार काय नेमकं, ते मला समजंल असं सांग."

मी सांगू लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. आईला समजेना याचे कारण मलाच समजले नव्हते. पुढचे दोन महिने मी वाचन आणि खटपट केली. माझ्यासारखा विचार करणारे आणखीही काही जण वर्गात आहेत, म्हणून ती हकीकत येथे देत आहे.

संगणकाच्या प्रोसेसरला कसलेही किचकट काम द्या, तो ते निमूटपणे क्रमाने निपटतो. पण माझ्या जुन्या आय-५ प्रोसेसरला चारच कोअर, म्हणजे एका वेळी चारच कामे. चित्र काढण्याचे काम निराळे आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग ठरवण्याचा हिशोब तसा लहान, पण तो वीस लाखांहून अधिक वेळा करायचा, आणि खेळ सुरळीत दिसायचा तर सेकंदाला साठ वेळा. आईला मी भातलावणीचे उदाहरण दिले. एकच बाई कितीही हुशार असली तरी आख्खे खाचर लावायला तिला दिवस जातील; ओळीने पन्नास बाया उतरल्या की दुपारपर्यंत काम उरकते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती ओळ. माझ्याकडच्या २०१६ सालच्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डात असे ७६८ कोअर आहेत. २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४. शिवाय प्रकाशाचा किरण कुठे आपटून कुठे जातो, हे काढण्यासाठी नव्या कार्डात वेगळी मंडळी नेमलेली असतात. माझ्या कार्डात ती मुळीच नाहीत.

दुसरी गोष्ट कार्डाच्या मेमरीची. बांधावर आणून ठेवलेल्या रोपांच्या मुठी म्हणजे ही मेमरी. बांधावर जागा पुरली तर लावणी अडत नाही. पुरली नाही तर दर वेळी कोणीतरी वाफ्यापर्यंत धावायचे आणि बाकीच्या बायांनी चिखलात उभे राहायचे. मात्र बांध मोठा म्हणून बाया जास्त असे होत नाही. हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हते. एका दुकानदाराने "ताई, चार जीबीचे कार्ड आहे, सगळे चालेल" म्हणून एक अगदी जुने, मंद कार्ड माझ्या गळ्यात मारले. मेमरी चार जीबी खरी, पण कोअर मोजकेच. ते ३,८०० रुपये पाण्यात गेले, आणि घरात अजून त्याचा उल्लेख निघतो.

आता माझ्या संगणकाविषयी. तो एका कार्यालयाने मोडीत काढलेला आहे. मामाने टेम्पोतून आणून दिला. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा, आणि पॉवर सप्लाय २९० वॅटचा. १०५० टीआय कार्ड ७५ वॅटच्या आत भागवते आणि तेवढी वीज त्याला मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते. ३०६० ला १७० वॅट लागतात, वेगळी वायर लागते, आणि कंपनी स्वतःच ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. बरे, सप्लाय बदलावा तर कार्यालयीन संगणकांची जोडणी बहुधा त्या-त्या कंपनीची स्वतःची असते. बाजारातला साधा सप्लाय त्याला सरळ बसत नाही. म्हणजे कार्डाचे पंचवीस, सप्लायचे चार, मधल्या कन्व्हर्टर वायरीचे वेगळे, आणि रॅम ८ जीबीच असल्याने तीही वाढवायची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इतका जुना प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. थोडक्यात, जुन्या बैलगाडीला ट्रकची चाके लावण्याचा हा प्रकार.

माझ्या धाकट्या भावाला कार्ड खेळासाठी हवे होते. त्याच्यासाठी एक सोपा प्रयोग सापडला, तो कोणीही घरी करून पाहावा. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन कमी करायचे आणि सेकंदाला किती चित्रे पडतात ते पाहायचे. आकडा चांगला वाढला, तर आधी कार्ड दमत होते. आकडा जागचा हलला नाही, तर दमतो आहे तो प्रोसेसर. मग कितीही महाग कार्ड आणा, ते प्रोसेसरची वाट पाहत बसणार. आमच्याकडे भावाच्या आवडत्या खेळात आकडा जेमतेम दोनने वाढला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मधल्या दर्जात ३०६० शिवायही कार्डे आहेत. २०२३ चे आरटीएक्स ४०६० खेळांत ३०६० पेक्षा वेगवान आहे आणि ११५ वॅटवर चालते, पण त्याची मेमरी ८ जीबी. ३०६० ची १२. २०२५ च्या ५०६० लाही आठच. इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी आहे, परंतु त्याला मदरबोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय लागते. माझ्या बोर्डात ती नाही. जुनी कार्डे स्वस्त मिळतात, तेथे मात्र डोळे उघडे ठेवावेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम हे चलन ग्राफिक्स कार्डांवर काढणे बंद झाले आणि त्या कामी रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड वाईटच असते असे नाही, पण पंखे आणि तापमान आपल्या डोळ्यांसमोर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थांबण्यातही तोटा आहेच: २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपा महागल्या. माझ्या कार्डाच्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील.

आता मला कार्ड हवे कशाला होते? माझा विषय भूगोल. नकाशाचे क्यूजीआयएस मी वापरते, पण त्याचे बहुतेक काम प्रोसेसर आणि रॅमवर चालते. तेथे कार्डाने फारसा फरक पडत नाही. मला भोरजवळच्या रोहिडा किल्ल्याचा आणि भोवतालच्या खोऱ्याचा उठावदार चलत्पट ब्लेंडरमध्ये करायचा होता. अमेरिकेच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेल्या उंचीच्या नोंदी, दर ३० मीटरला एक, फुकट मिळतात. त्यावरून एक चित्र तयार व्हायला २२ मिनिटे लागत. दहा सेकंदांच्या चलत्पटाला २४० चित्रे; म्हणजे ८८ तास. आणि मध्येच मेमरी भरून काम बंद पडे. या कामात प्रोसेसर आड येत नाही, तेव्हा ३०६० ने वेळ पाचपटीहून अधिक कमी झाला असता. माझा हट्ट अगदीच पोरकट नव्हता, हे नमूद करते.

पण मेमरी भरते कशाने ते शोधू लागले, तेव्हा लाज वाटली. पंधरा किलोमीटर लांब-रुंद प्रदेशाचे ३० मीटरचे चौकोन होतात अडीच लाख. चित्र रेखीव यावे म्हणून मी प्रत्येकाचे ६४ तुकडे केले होते. झाले दीड कोटीच्या वर. मूळ नोंद ३० मीटरलाच एक असताना मधल्या तुकड्यांत नवी माहिती येणार कोठून? ते तुकडे काढले, पृष्ठभाग नुसता गुळगुळीत केला. डोंगर होता तसाच दिसला आणि मेमरी मोकळी झाली. मग प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाशाचे १,०२४ नमुने घेत होते ते १२८ केले, आणि उरलेला खरखरीतपणा ब्लेंडरमधल्याच डीनॉइझरने पुसला. एक चित्र ४ मिनिटांत. २४० चित्रांना १६ तास, म्हणजे दोन रात्री. प्रत्येक चित्र वेगळी फाइल म्हणून साठवल्याने मध्ये वीज गेली तरी पुढून सुरू करता आले. आणि ती गेलीही, दोनदा.

कार्ड घेतले नाही. मोटार भरून आणली, हरभऱ्याला पाणी मिळाले. माझे ७,००० तसेच आहेत. तृतीय वर्षानंतर अभ्यासासाठी लिडारसारखी बारीक नोंदींची माहिती हाताळावी लागली, तर मेमरी खरोखरच लागेल. तेव्हा आधी प्रोसेसर, बोर्ड आणि सप्लाय, आणि मग कार्ड, तेही १२ जीबीच्या खाली नाही, असे ठरवले आहे.

चलत्पट आईला दाखवला. रोहिड्याच्या कड्यावरून चित्र खाली खोऱ्यात उतरले तशी ती पडद्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आपलं घर कुठंय ह्यात?" घर अंगणासकट एका चौकोनातही भरत नाही, हे मी तिला सांगितले. "मग ओढा तरी दाव," ती म्हणाली. ओढ्याचे वळण मात्र स्पष्ट दिसत होते.