उसने दृश्य : सुझोऊ येथील झुओझंग उद्यान

चीनमधील सुझोऊ नगरात ‘झुओझंग युआन’ हे मिंगकालीन उद्यान आहे. राजसेवेतून निवृत्त झालेल्या वांग श्यानचन याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी ते उभारले. त्याचा विस्तार सुमारे ५ हेक्टर असला, तरी ते एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. छप्पर असलेल्या नागमोडी वाटा, जाळीदार खिडक्या व पूल यांमुळे प्रत्येक वळणावर दृश्य पालटते. म्हणून हे उद्यान चालतच पाहावे लागते.

मधल्या तळ्याच्या पूर्व काठावरून पश्चिमेस पाहिले असता एक नऊ मजली पॅगोडा उद्यानातच उभा असल्याचा भास होतो. वस्तुतः ७६ मीटर उंचीचा हा बैसी पॅगोडा तटाबाहेर, बराच दूर आहे. या योजनेस ‘ज्येजिंग’, म्हणजे ‘उसने दृश्य’ म्हणतात. जी चंग याच्या ‘युआन ये’ (१६३१) या ग्रंथात तिचे विवेचन आढळते.

युनेस्कोने १९९७ मध्ये या उद्यानाचा जागतिक वारशात समावेश केला. तथापि मध्ये एखादी उंच इमारत उभी राहिल्यास हे दृश्य लोपेल. सारांश, अशा उद्यानाचे जतन केवळ तटाच्या आत होत नाही. सभोवतालच्या नगराच्या उंचीवरही मर्यादा घालावी लागते.