प्रेमकथेतलं प्रहणन

जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांतल्या प्रेमकादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या. नायक मनगट पिरगाळतो, नायिका विरघळते. तिला विचारलं कुणी? वात्स्यायन याहून सावध होता. ‘कामसूत्रा’च्या दुसऱ्या अधिकरणात प्रहणनावर, म्हणजे रतिक्रीडेतल्या प्रहारांवर, स्वतंत्र अध्याय आहे. कुंतल सातकर्णी सातवाहनाच्या ‘कर्तरी’ प्रहाराने राणी मलयवती मेली, ही नोंद तिथलीच. सातवाहन, म्हणजे आपल्याच दख्खनचे! म्हणून स्त्रीची नाजुकता, तिची ताकद आणि आपलंही बळ ओळखून वागा, असं तो बजावतो.

आजच्या बीडीएसएम संबंधांत आधी बोलणी होतात, थांबण्याचा शब्द ठरतो, नंतर विचारपूस होते. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’त (२०११) करारनामा आहे खरा, पण नायक नायिकेला न विचारता फोनवरून तिचा ठावठिकाणा काढतो, आणि कादंबरी त्याला काळजी म्हणते.