नेत्रदाबशामक थेंब

नेत्रदाबशामक थेंब : डोळ्यातील वाढलेला दाब उतरविण्यासाठी डोळ्यात घालावयाची औषधे. यांचा उपयोग मुख्यतः काचबिंदू या विकारात करतात. डोळ्याच्या अग्रभागात नेत्रोद हा पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो व परितारिकेच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) कडेच्या कोनातून त्याचा निचरा होतो. निचऱ्यास अडथळा आला म्हणजे दाब वाढतो. प्राकृत दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिमी. इतका असतो. वाढलेल्या दाबाने दृक् तंत्रिकेचे तंतू हळूहळू नष्ट होतात आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. काही रुग्णांत प्राकृत दाब असूनही हीच हानी होते. त्यांनाही दाब आणखी उतरविल्याने लाभ होतो.

पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार घेवड्याच्या विषारी बियांपासून काढलेले फायसोस्टिग्मीन हे द्रव्य लूटव्हिख लाक्वेर यांनी १८७६ मध्ये काचबिंदूवर वापरले. त्याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरांडी वनस्पतीतील पायलोकार्पीन वापरात आले व शंभर वर्षे टिकले. त्याने बाहुली आकुंचित होऊन निचरा सुधारतो. परंतु ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, कपाळ दुखे व अंधुक प्रकाशात नीट दिसत नसे. टिमोलॉल (अमेरिकेत मान्यता १९७८) नेत्रोदाची निर्मिती कमी करते, तर लॅटॅनोप्रोस्ट (१९९६) निचरा वाढविते व दिवसातून एकदाच, बहुधा रात्री, घालतात. डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडीन इ. औषधेही प्रचारात आहेत.

थेंब डोळ्यात घातला म्हणजे औषध डोळ्यातच राहते, हा समज चुकीचा आहे. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातून अश्रुनलिका नाकात उतरते. त्या वाटेने गेलेले औषध नाकाच्या श्लेष्मल पटलातून थेट रक्तात मिसळते. पोटात घेतलेल्या औषधाचा बराच भाग यकृतात निष्क्रिय होतो. या औषधाला आरंभी ती चाळणी लागत नाही. म्हणून मात्रा अल्प असूनही टिमोलॉलमुळे दम्याच्या रुग्णाला श्वासावरोधाचा तीव्र झटका येऊ शकतो, तसेच नाडी धोकादायक रीत्या मंद होऊ शकते. ब्रिमोनिडीन तान्ह्या मुलांत गुंगी आणून श्वसन मंदावते. दोन वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास नेत्रवैद्याला तसे सांगावे आणि इतर वैद्यांनाही या थेंबांची माहिती द्यावी. पुष्कळ रुग्ण थेंबांना औषधात गणतच नाहीत, त्यामुळे ही माहिती सांगावयाची राहून जाते.

यावर उपाय अगदी साधा आहे. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. अशा उपायांनी रक्तात जाणारे औषध निम्म्याहून अधिक घटते व डोळ्याला ते जास्त मिळते, असे थॉम झिमरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. हात धुऊन, मान मागे करून, खालची पापणी ओढून होणाऱ्या खोबणीत एकच थेंब सोडावा. ती खोबण एका थेंबानेच भरून वाहते. दुसरा थेंब गालावर ओघळतो किंवा नाकात जातो. दुसरे औषध घालावयाचे असल्यास किमान पाच मिनिटे थांबावे. बाटलीचे टोक डोळ्याला वा पापणीला लागू देऊ नये. स्पर्शभिंगे आधी काढून ठेवावीत व पंधरा मिनिटांनी पुन्हा बसवावीत. फोडलेली बाटली वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर, सामान्यतः चार ते सहा आठवड्यांनी, टाकून द्यावी. लॅटॅनोप्रोस्टच्या अनेक बाटल्या फोडण्यापूर्वी शीतकपाटात ठेवाव्या लागतात.

लॅटॅनोप्रोस्टमुळे डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात व परितारिकेचा रंग कायमचा गडद होऊ शकतो. परंतु उपचार सुटण्याचे मुख्य कारण निराळेच असते. या रोगाच्या नेहमीच्या प्रकारात वेदना नसतात आणि थेंबांनी दृष्टी सुधारल्याचेही जाणवत नाही. तेव्हा खर्चिक औषध निष्फळ वाटून रुग्ण ते सोडून देतो. काही जण तपासणीच्या आधी दोन-चार दिवसच थेंब घालतात. मग दाब ठीक भरतो, पण दृष्टिक्षेत्र मात्र आकसत जाते व वैद्याची दिशाभूल होते. त्रास होत असल्यास औषध बदलता येते, किंवा लेसर किरणांचा व शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. आपल्या मनाने औषध थांबवू नये. त्याचप्रमाणे लाल किंवा खाजणाऱ्या डोळ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ वापरू नयेत, कारण काही व्यक्तींत ते स्वतःच डोळ्यातील दाब वाढवितात.