प्रोजेक्टरचा मेनू नीट लावा, डोळे सांभाळा

वस्तीवस्तीतल्या विहारांत, समाजमंदिरांत आणि अभ्यासिकांत आता प्रोजेक्टर दिसू लागले आहेत. कुठे वर्गणी काढून घेतला, कुठे नोकरदार बांधवांनी दान दिला. जयंतीच्या आठवड्यात जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट त्यावर लागतो, दहावी-बारावीच्या मुलांचे वर्ग होतात, आरोग्य शिबिरात आजारांची चित्रे दाखवली जातात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी यंत्र खोक्यातून निघाले तसेच भिंतीसमोर ठेवून चालू केले जाते. मग चित्र भगभगीत, अक्षरे पुसट, कडा तिरप्या. तासाभराने कुणाचे डोके दुखते, कुणाचे डोळे चुरचुरतात, म्हाताऱ्या बाया उठून घरी जातात. लोक म्हणतात, “मशीनच खराब आहे.” खरे तर मशीन नव्वद टक्के वेळा ठीक असते. त्याचा मेनू कुणी उघडलेला नसतो. आरोग्याच्या पानावर प्रोजेक्टर कशाला, हे पुढे वाचाल तेव्हा कळेल.

मेनू उघडायचा कसा

रिमोटवर किंवा प्रोजेक्टरच्या पाठीवर ‘मेनू’ असे लिहिलेले बटण असते. ते दाबले की भिंतीवरच एक यादी उमटते. बाणांच्या बटणांनी वर-खाली जायचे, ‘एंटर’ किंवा ‘ओके’ने आत शिरायचे, ‘बॅक’ किंवा ‘एस्केप’ने बाहेर यायचे. कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात, पण कप्पे साधारण सारखेच असतात: चित्रासाठी ‘पिक्चर’ किंवा ‘इमेज’, आकारासाठी ‘डिस्प्ले’ किंवा ‘स्क्रीन’, यंत्रासाठी ‘सेटअप’, आणि माहितीसाठी ‘इन्फो’.

दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी जुना आकडा वहीत लिहून ठेवा. वॉर्डात रुग्णाच्या खाटेला तक्ता लटकवतात, तसा एक कागद प्रोजेक्टरच्या पिशवीत ठेवा. काय बदलले, कुणी बदलले, कधी बदलले, ते त्यावर लिहा. सगळेच बिघडले तर मेनूत ‘रीसेट’ असते, ते दाबले की कारखान्यातून आले तसे आकडे परत येतात. म्हणून मेनूला घाबरायचे कारण नाही.

आधी जागा, मग मेनू

प्रोजेक्टर भिंतीच्या बरोबर समोर, सपाट टेबलावर ठेवा. तो तिरपा असला तर चित्र एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. ते सरळ करायला मेनूत ‘कीस्टोन’ असते. पण कीस्टोन चित्राला आतून दाबते आणि जितके जास्त लावाल तितकी बारीक अक्षरे फुटतात. म्हणून आधी टेबल सरकवा, आणि उरलेला तिरपेपणाच कीस्टोनने काढा.

फोकस बहुतेक यंत्रांत लेन्सभोवतीच्या कड्याने होतो. काही नव्या छोट्या यंत्रांत तो रिमोटवर असतो. यंत्र गरम होताना फोकस थोडा सरकतो, म्हणून कार्यक्रमाच्या वीसेक मिनिटे आधी प्रोजेक्टर चालू करा आणि शेवटचा फोकस नंतर लावा. फोकस चित्रावर लावू नका, अक्षरांवर लावा. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत अक्षर स्वच्छ दिसले पाहिजे.

अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी दिसली तर ‘प्रोजेक्शन’मध्ये ‘रिअर’ लागलेले असते, ते ‘फ्रंट’ करा. चित्र डोक्यावर उभे राहिले तर ‘सीलिंग’ लागलेले असते. माणसे बुटकी किंवा ताणलेली दिसली तर ‘आस्पेक्ट’ हे ‘ऑटो’वर ठेवा. ‘हाय अल्टिट्यूड’ हा पर्याय साधारण १५०० मीटरपेक्षा उंच ठिकाणांसाठी असतो. आपल्या महाबळेश्वरलाही त्याची गरज पडत नाही. तो चुकून चालू राहिला तर पंखा उगाच मोठ्याने घुमतो आणि मागच्या माणसाला बोललेले ऐकू येत नाही.

रंग चुकला तर आजारही चुकतो

‘पिक्चर’च्या कप्प्यात ‘कलर मोड’ किंवा ‘पिक्चर मोड’ असतो. त्यात ‘ब्राइट’ किंवा ‘डायनॅमिक’, ‘स्टँडर्ड’ किंवा ‘प्रेझेंटेशन’, ‘सिनेमा’ असे पर्याय असतात. ‘डायनॅमिक’मध्ये सर्वांत जास्त उजेड मिळतो, म्हणून लोक तोच लावून ठेवतात. पण जास्त उजेडासाठी यंत्र बहुतेक वेळा हिरवा रंग वाढवते. माणसाच्या कातडीवर हिरवट झाक येते.

सिनेमा पाहताना हे चालून जाईल. आरोग्य शिबिरात चालत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा ते आपण चित्रावर दाखवतो: आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर, आणि त्या जागी स्पर्श कळत नाही. हा फरक कधीकधी फार हलका असतो. भगभगीत हिरवट चित्रात तो चट्टा नाहीसा होतो. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांतला पिवळेपणा, रक्त कमी असलेल्या बाईची पांढुरकी नखे आणि पापणीची आतली बाजू, ही सगळी रंगाचीच लक्षणे आहेत. चित्रात ती दिसली नाहीत तर घरी गेल्यावर आरशात कशी ओळखणार? कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो, हातापायाला व्यंग येत नाही. ओळखायला उशीर झाला तर नुकसान आपलेच.

म्हणून शिबिरासाठी ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ लावा. ‘कलर टेम्परेचर’ मध्यम किंवा ‘वॉर्म’कडे ठेवा, ‘कूल’मध्ये सगळे निळसर होते.

रंग बरोबर आहे का हे तपासायला आपल्याकडे घरचाच नमुना आहे. पंचशील ध्वजाचे चित्र पडद्यावर लावा आणि खरा ध्वज शेजारी धरा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, पाचही रंग वेगळे दिसले पाहिजेत. पिवळा हिरव्याकडे झुकला किंवा लाल आणि केशरी एकमेकांत मिसळले, तर मोड बदला. भिंतही पाहा. हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या भिंतीवर कुठलाच रंग खरा दिसत नाही. पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावली तरी काम होते.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट

या दोन शब्दांत मोठा गोंधळ आहे. मेनूतला ‘ब्राइटनेस’ मुख्यतः चित्राचा काळा भाग किती काळा राहील ते ठरवतो. तो फार वाढवला तर सगळ्या चित्रावर राखाडी धूर पसरल्यासारखे दिसते. फार कमी केला तर काळ्यातले काही कळत नाही. ‘कॉन्ट्रास्ट’ पांढरा भाग किती झळकेल ते ठरवतो. तो फार वाढवला की पांढऱ्यातले बारकावे जळून जातात आणि डोळ्यांना झळ लागते.

पौर्णिमेच्या कार्यक्रमातला एखादा फोटो पडद्यावर लावा. उपासिकांच्या पांढऱ्या साड्यांच्या निऱ्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करत या. काळ्या केसांच्या बटा वेगळ्या दिसेपर्यंत ब्राइटनेस हळूहळू वर न्या. दोन्ही दिसले की थांबा. ‘शार्पनेस’ मध्यावरच ठेवा, वाढवला तर अक्षरांभोवती पांढरी कडा उमटते.

खरा उजेड कमी-जास्त करायचा असेल तर तो ‘लॅम्प मोड’ किंवा ‘लाइट सोर्स’मध्ये असतो. रात्री लहान खोलीत ‘इको’ पुरतो. डोळ्यांना झळ कमी लागते, पंख्याचा आवाज कमी होतो, वीज वाचते आणि दिवा जास्त दिवस टिकतो. दिवसा, खिडक्यांतून उजेड येत असेल, तेव्हाच ‘नॉर्मल’ लावा.

खोलीत पूर्ण काळोख करू नका. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि पांढरी पाटी समोर आली की एकदम दिपल्यासारखे होते. असे वारंवार झाले की डोळे थकतात, डोके धरते. मागच्या बाजूला, पडद्यावर उजेड पडणार नाही असा एक छोटा दिवा चालू ठेवा. म्हातारी माणसे आणि गरोदर बायका उठताना अडखळून पडणार नाहीत, हाही फायदा.

कोण कुठे बसणार, आणि मागून न दिसणारे मूल

वाचण्यासाठी एक सोपा हिशेब आहे. चित्राची उंची जितकी, त्याच्या सहापटीपेक्षा लांब शेवटची रांग नको. चार फूट उंच चित्र असेल तर चोवीस फुटांपर्यंत. पहिली रांग दोन पटींच्या आत नको, म्हणजे आठ फूट सोडून बसवा. आपल्याकडे लहान मुले पडद्याला चिकटून बसतात आणि मान वर करून पाहतात, त्यांना मागे घ्या. दर वीस मिनिटांनी थोडे थांबा, सगळ्यांना लांब पाहायला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. फोकस, कीस्टोन, उजेड सगळे नीट लावले, बाकीच्या मुलांना शेवटच्या रांगेतून वाचता येते, पण एक मूल डोळे बारीक करते, मान वाकडी करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. तेव्हा दोष यंत्राचा नसतो, त्या मुलाला चष्म्याची गरज असू शकते. चित्रच पुसट असेल तर हे मूल ओळखू येत नाही, कारण तेव्हा सगळेच डोळे बारीक करतात. अशी मुले वर्षानुवर्षे “ढ” म्हणून ओरडा खातात. त्यांना फळा दिसत नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि मुलालाही वाटते की सगळ्यांना असेच दिसते.

अशा मुलाला पुढे बसवून विषय संपवू नका, डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करते, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या उपचारासाठी पाठवते. शाळेतल्या मुलांना गरज असेल तर सरकारी योजनेतून चष्मा मोफत मिळू शकतो. शिक्षकांना, आशाताईंना विचारा. एक डोळा कमजोर असेल तर लहान वयात उपचार झाले पाहिजेत. सात-आठ वर्षांनंतर तो डोळा सुधारणे कठीण होत जाते.

झोतात पाहू नका

टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरची लेन्स नेमकी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. मुले झोतात डोकावतात, हाताच्या सावल्या करतात. या झोताकडे टक लावून पाहिले तर डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, लेझर असलेल्या यंत्रात जास्तच काळजी घ्या. प्रोजेक्टरभोवती खुर्च्यांचे कडे करा. बोलणाऱ्याने झोताच्या बाजूला उभे राहावे. मध्ये भाषण असेल तर रिमोटवरचे ‘ब्लँक’ किंवा ‘म्यूट’ बटण दाबून चित्र काळे करा.

फार वेगाने लुकलुकणारी दृश्ये काही जणांना फिट आणू शकतात. कुणाला तशी फिट आल्याचे माहीत असेल तर त्याला लांब बसवा. फिट आलीच तर त्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, आजूबाजूच्या वस्तू हटवा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

बंद करताना

रिमोटने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर ओढू नका, गरम दिवा लवकर मरतो. हवेची जाळी महिन्यातून एकदा पुसा. ‘इन्फो’मध्ये ‘लॅम्प अवर्स’ दिसतात. जुन्या पद्धतीचा दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो, पुढे उजेड निम्म्यावर येतो. एलईडीचे आयुष्य याच्या कितीतरी पट असते. जुन्या दिव्यात थोडा पारा असतो. तो आत फुटला तर वायर काढा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, अर्धा तास थांबा. काचा उघड्या हाताने उचलू नका, झाडूने झाडू नका. हातमोजे घालून जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या डब्यात भरा.

एक शेवटची विनंती. बहुतेक ठिकाणी रिमोट दोन-तीन पोरांच्या खिशात असतो, ती कामाला गेली की यंत्र कपाटात. महिला मंडळाच्या निदान दोघींनी हा मेनू शिकून घ्यावा. एका दुपारी चहा ठेवा, ध्वजाचे चित्र लावा, एकेक बटण दाबून पाहा आणि आकडे वहीत लिहा. पुढच्या वर्गात शेवटच्या रांगेतल्या मुलाला विचारा, “बाळा, वाच बघू काय लिहिलंय?” त्याचे उत्तर नीट ऐका.

जयभीम.