मटार, मासळी आणि उणे अठरा

पुणे–नगर रस्त्यावरचं रांजणगाव बहुतेकांना अष्टविनायकांतल्या महागणपतीमुळे माहीत असतं. शिरूर तालुक्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. इथल्या एमआयडीसीत व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत आणि तिथे फ्रीज तयार होतात. एलजीचा कारखाना २००४ मध्ये आला, तर हायरने २००७ मध्ये इथे पाय रोवले. देशभरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांतले फ्रीज याच माळावर जन्मले आहेत.

शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्यातल्या घरांतही आता फ्रीज नवलाईचा राहिलेला नाही. त्याचा वरचा कप्पा उघडला की वर्षभराचे हंगाम एकत्र दिसतात. जानेवारीत सोललेला मटार, मे महिन्यातला आमरस, उजनीच्या पाण्यातली मासळी, सणाआधी करून ठेवलेलं पुरण, तुपासाठी साठवलेली साय. यातलं काय किती दिवस चांगलं राहतं, असं विचारलं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, ‘फ्रीजरमध्ये आहे ना, मग काही होत नाही.’ कुणाला चार दिवसांपूर्वीचं काहीही शिळंच वाटतं. खरं उत्तर पदार्थागणिक बदलतं आणि त्यामागची कारणं कळली, तर कुठलाही तक्ता पाठ करावा लागत नाही.

सुरुवात तापमानापासून करायला हवी. गोठवलेल्या अन्नासाठी जगभर मान्य झालेला आकडा आहे उणे १८ अंश सेल्सिअस. भारतातले अन्नसुरक्षेचे नियमही तोच धरतात. या थंडीत जंतूंची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. म्हणून उणे १८ वर अखंड राहिलेला पदार्थ वर्षानंतरही बाधेल असं नाही, पण त्याची चव, रंग आणि पोत तोवर उतरलेला असतो. फ्रीजरच्या तक्त्यांत ‘तीन महिने’, ‘आठ महिने’ असे जे आकडे असतात, ते बहुतांशी या उतरण्याचे असतात. त्यानंतर पदार्थ विषारी होतो असा त्यांचा अर्थ नसतो.

अन्न उतरतं ते तीन वाटांनी. पहिली वाट पाण्याची. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. थंडी सावकाश लागली तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशींच्या भिंती फोडतात आणि वितळल्यावर पदार्थ लिबलिबीत होऊन पाणी सोडतो. दुसरी वाट हवेची. पिशवीत हवा राहिली तर बर्फाची थेट वाफ होऊन पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा, पांढुरका आणि चिवट होतो, आणि प्राणवायूमुळे स्निग्धांश खवट होतो. तिसरी वाट पदार्थातल्याच विकरांची, म्हणजे एन्झाइमची. ती थंडीत मंदावतात, पण पूर्ण थांबत नाहीत.

झटपट गोठवण्याचं महत्त्व व्यापाराच्या लक्षात आणून दिलं क्लॅरन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने. १९१२ नंतर काही वर्षं तो आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये राहत होता. तिथले मूळ रहिवासी पकडलेला मासा कडाक्याच्या थंडीत बर्फावर टाकत आणि तो पाहता पाहता गोठे. महिन्यांनंतरही त्याची चव ताज्या माशासारखी लागे. त्याच तत्त्वावर बर्ड्सआयने यंत्रं बनवली आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात गोठवलेल्या अन्नाची पाकिटं दुकानांत आली. घरच्या फ्रीजरला तो वेग साधत नाही. पण पदार्थ पातळ थरात, थोडा थोडा आणि आधी गार करून ठेवला तर बराच फरक पडतो.

आपल्याकडे गोठवून टिकवायच्या भाज्यांत मटाराचा मान पहिला. माफ्को या सरकारी कंपनीच्या गोठवलेल्या मटाराची पाकिटं महाराष्ट्रात अनेकांना आठवत असतील. थंडीत मटार स्वस्त झाला की घरोघरी किलोंनी सोलला जातो. बरेच जण तो तसाच पिशवीत भरतात. मग दोन-तीन महिन्यांत दाणा फिका पडतो आणि त्याला गवतासारखा वास येतो. हे काम विकरांचं. त्यावरचा उपाय सोपा आहे. उकळत्या पाण्यात दाणे दीड ते दोन मिनिटं टाकायचे, लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, कापडावर कोरडे करायचे आणि ताटात पसरून गोठवायचे. दाणे सुटे आणि कडक झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढायची. असा मटार ८ ते १२ महिने रंगाने हिरवा आणि चवीने गोड राहतो. घेवडा, गाजर, फ्लॉवर यांनाही हाच नियम. फक्त घेवड्याला आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन मिनिटं लागतात.

याच दिवसांत शिरूर-दौंडच्या शेतांवर हुरडा असतो. गूळभेंडीसारखी जुनी वाणं आहेतच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेलं ‘फुले मधुर’ हे वाणही खास हुरड्याचं. कोवळ्या ज्वारीतली साखर कणीस तोडल्यापासून कमी होऊ लागते. म्हणून हुरडा गोठवायचा तर तो त्याच दिवशी, गरम असताना चोळून काढलेला आणि मग पूर्ण गार केलेला असावा. भाजताना विकरं बरीचशी निकामी झालेली असतात, हा त्याचा फायदा. दुसऱ्या दिवशीचा निबर दाणा गोठवला तर बाहेरही निबरच येतो. फ्रीजर पदार्थाला आहे तिथे थांबवतो, सुधारत नाही.

फळं टिकायला सोपी. आमरसात आंबटपणाही असतो आणि साखरही, त्यामुळे तो ८ ते १२ महिने चांगला राहतो. डबा मात्र काठोकाठ भरू नये. फुगणाऱ्या रसाला जागा मिळाली नाही तर काचेची बरणी तडकते आणि प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उडतं. दौंड तालुक्यातलं खोर अंजिरांसाठी ओळखलं जातं. पिकलेलं अंजीर झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसही धड टिकत नाही, पण धुऊन, कोरडं करून, सुटं गोठवलं तर पुढच्या बहारापर्यंत साथ देतं. वितळल्यावर ते मऊ पडतं, म्हणून ताटात नुसतं वाढण्याऐवजी मिल्कशेक, बर्फी किंवा जॅमसाठी वापरावं.

मासळीचा हिशेब चरबीवर ठरतो. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यातल्या गावांपर्यंत येतो आणि चिलापी, कटला, रोहू ही तिथली रोजची मासळी. चिलापीसारखा कमी चरबीचा मासा नीट गुंडाळला तर ६ ते ८ महिने जातो. समुद्रावरून येणारा बांगडा तेलकट. तो दोन-तीन महिन्यांतच खवट होऊ लागतो. कोळंबी कमी चरबीची असल्याने तिला जास्त मुदत मिळते. मासळी प्रक्रिया करणारे कारखाने एक युक्ती वापरतात, ती घरीही जमते. मासा कडक गोठला की क्षणभर बर्फाच्या पाण्यात बुडवून पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचा. त्यावर बर्फाचा पातळ थर चढतो आणि तो हवा लागू देत नाही.

मटणात तुकडा जेवढा मोठा, तेवढी मुदत जास्त. हाडासकट मोठे तुकडे सहा ते नऊ महिने राहतात. खिम्याला तीन-चार महिनेच द्यावेत, कारण बारीक केल्यावर त्याचा जास्तीत जास्त भाग हवेला लागतो. कलेजीलाही तेवढेच. अख्खी कोंबडी वर्षभर, तुकडे केले तर नऊ महिने. मीठ-मसाला लावून ठेवलेलं मटण जास्त टिकतं हा समज फ्रीजरमध्ये चालत नाही. मिठामुळे चरबी लवकर खवट होते, म्हणून मॅरिनेट केलेलं मटण महिन्याभरात संपवावं. शिजवलेला रस्सा दोन-तीन महिने.

दूधदुभत्याची गोष्ट थोडी वेगळी. शिरूर-दौंडमध्ये घरोघरी गाई-म्हशी, त्यामुळे साय भरपूर. रोजची साय एका डब्यात थर देत फ्रीजरमध्ये ठेवली तर आंबत नाही आणि पंधरवड्याने एकदम लोणी काढता येतं. लोणी सहा ते नऊ महिने टिकतं. खवा दोन-तीन महिने. दही मात्र फुटतं आणि पनीर भुसभुशीत होतं; अशा पनीरची भुर्जी चांगली होते, तुकडे नीट राहत नाहीत. खवलेलं ओलं खोबरं सहा महिन्यांपर्यंत ठीक, पण त्याला वास लगेच लागतो, म्हणून डबा घट्ट हवा.

शिजवलेलं अन्न सर्वांत आधी उतरतं. पुरण दोन-तीन महिने राहतं आणि पोळ्या करून ठेवण्यापेक्षा पुरणच गोठवलेलं बरं. चपात्या आणि ब्रेड दोन-तीन महिने. उकडीचे मोदक महिन्याभरातच खावेत. तांदळाच्या पिठातला स्टार्च थंडीत घट्ट होतो आणि पारी कोरडी पडते. ते वितळवत न बसता गोठलेलेच पुन्हा वाफवले तर बरे लागतात. काकडी, कच्चा बटाटा, कवचासकट अंडी आणि उकडलेली अंडी फ्रीजरमध्ये ठेवूच नयेत.

फ्रीजरचा एक उपयोग मुदतीपलीकडचा आहे. रवा, बेसन किंवा कडधान्य आणल्यावर चार दिवस उणे १८ वर ठेवलं की त्यातल्या किड्यांची अंडीही मरतात. वर्षाचा कांदा-लसूण मसालाही तिथे रंग आणि वास टिकवून राहतो.

हे सगळे आकडे उणे १८ चे आहेत, आणि इथेच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा तेवढा थंड होत नाही. कप्प्यावर एक तारा असेल तर तो साधारण उणे ६ अंशांचा आणि आठवडाभरासाठीच; दोन तारे म्हणजे उणे १२ आणि महिना; तीन तारे म्हणजे उणे १८. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले वीजबचतीचे तारे वेगळे. त्यांचा या थंडीशी संबंध नाही. काही शे रुपयांचा फ्रीजर-थर्मामीटर आत ठेवला तर नेमकं कळतं. तो नसेल तर आईस्क्रीम पाहावं. रात्रभर ठेवूनही ते चमच्याने सहज निघत असेल, तर त्या फ्रीजरमध्ये मासळी सहा महिने ठेवण्याचा विचार सोडावा.

दुसरी अडचण विजेची. वाड्या-वस्त्यांवर वळवाच्या पहिल्या वादळात लाइट जाते. डीपी जळाली तर वीज परत यायला दिवसही लागतात. अशा वेळी दार न उघडणं हीच मोठी मदत. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार बंद ठेवल्यास सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा रिकामा असेल तर २४ तास. फ्रीजमधला छोटा कप्पा त्याहून कमी. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवली तर गोठलेलं पाणीच थंडीचा साठा होतं. घर बंद करून गावाला जाताना एका वाटीत बर्फ गोठवून त्यावर एक नाणं ठेवावं. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं, हे उघड होतं.

वितळलेल्या पदार्थात बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा तो फ्रीजच्या खालच्या कप्प्याइतका, म्हणजे चार अंशांपर्यंत गार असेल, तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव थोडी जाईल एवढंच. पण मटण, मासळी किंवा शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ उबेला राहिलं असेल, तर टाकून द्यावं. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ही सवलत एका तासाचीच. हडपसरला घेतलेलं गोठवलेल्या मटाराचं पाकीट दौंडच्या गाडीतून दुपारी घरी पोचेपर्यंत वितळतं. मग ते पुन्हा गोठतं आणि दाण्यांचा दगडासारखा गोळा होतो. दुकानातच असा गोळा हाताला लागला, तर ते पाकीट आधीच एकदा वितळलेलं आहे असं समजावं. घरी आणायचं तर थर्माकोलच्या डब्यात किंवा वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून आणावं.

वितळवण्याची जागा ओटा नव्हे, फ्रीजचा खालचा कप्पा. रात्री खाली ठेवलेलं मटण सकाळपर्यंत तयार होतं. मटार, हुरडा, मोदक यांना वितळवण्याची गरजच नाही, ते थेट आचेवर जावेत.

यासाठी साधनं थोडीच लागतात: जाड पिशव्या, घट्ट झाकणाचे डबे, चिकटपट्टी आणि पेन. प्रत्येक पिशवीवर पदार्थाचं नाव आणि ठेवल्याची तारीख लिहावी आणि नवीन पिशवी मागे, जुनी पुढे ठेवावी. शिरूर-दौंडच्या घरांना हिशेबासाठी हंगामच पुरेसे आहेत. खिमा आणि बांगडा तीन महिन्यांच्या आत, रस्सा आणि पुरण पुढच्या मोठ्या सणाआधी, आमरस नवा आंबा येण्याआधी संपवायचा. आणि डिसेंबरात बाजारात नवा मटार दिसू लागला की गेल्या जानेवारीच्या उरलेल्या पिशव्यांची एकदम उसळ किंवा करंज्या करून कप्पा रिकामा करायचा, फ्रीज बंद करून साचलेला बर्फ काढायचा आणि मगच नवीन दाणे सोलायला बसायचं.