दुपारची वीज स्वस्त झाली, पण बिल किती कमी होणार? नांदेड-लातूरच्या घरांसाठी टीओडीचं गणित

एप्रिल-मे महिन्यात नांदेड आणि लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो. कूलर दिवस-रात्र चालतो, पंखे बंद होत नाहीत, फ्रीजवरचा भार वाढतो. मग बिल येतं आणि घरात एकच प्रश्न विचारला जातो, "एवढं कसं आलं?"

त्यातच आता घरोघरी नवे स्मार्ट मीटर बसत आहेत. काहींना भीती आहे की या मीटरमुळे बिल वाढेल. दुसरीकडे महावितरण सांगतं आहे की याच मीटरमुळे दिवसा वापरलेल्या विजेवर सवलत मिळेल. ही सवलत म्हणजे 'टाइम ऑफ डे', थोडक्यात टीओडी. वीज किती वापरली यासोबतच ती कधी वापरली, यावरही दर ठरवण्याची ही पद्धत.

उद्योगांसाठी ती जुनी आहे, घरांसाठी नवी. तिचा फायदा खरंच किती होतो?

दर वाढले की कमी झाले?

दोन्ही. तुमचं घर किती युनिट वापरतं, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी पुढच्या पाच वर्षांचे दर ठरवणारा आदेश दिला. महावितरणने त्यावर फेरविचाराची मागणी केली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. मग २५ जूनला आयोगाचा नवा आदेश आला आणि १ जुलै २०२५ पासून नवे दर लागू झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेव्हा पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने २६ टक्के दर कमी होतील, असं जाहीर केलं होतं.

पण ही कपात सगळ्यांना सारखी नाही. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवून फक्त वीज आकार आणि वहन आकार यांची बेरीज पाहू.

- पहिल्या १०० युनिटांचा दर २०२४-२५ मध्ये ५ रुपये ८८ पैसे होता. तो पावणेसहा रुपयांच्या आसपास आला.
- १०१ ते ३०० युनिटांचा दर २०२३-२४ मध्ये १० रुपये ८१ पैसे, तर २०२४-२५ मध्ये ११ रुपये ४६ पैसे होता. तो साडेबारा रुपयांच्या आसपास गेला.

म्हणजे दोन पंखे, टीव्ही आणि दिवे एवढ्यावर भागणाऱ्या घराला थोडा दिलासा मिळाला. कूलर, फ्रीज, मोटर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरासाठी मात्र १०० च्या पुढचं प्रत्येक युनिट महागच आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वापर १०१ युनिट झाला म्हणून सगळी १०१ युनिटं महाग दराने लागत नाहीत. पहिली १०० स्वस्त दरानेच लागतात, फक्त वरचं एक युनिट दुसऱ्या टप्प्यात जातं. तरीही बिल झपाट्याने वाढतं, कारण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे.

दुपारची वीज स्वस्त का?

उत्तर आहे सूर्य. राज्यात सौरऊर्जा वाढते आहे आणि ही वीज सर्वात जास्त तयार होते ती दुपारी. संध्याकाळी सूर्य मावळतो, सौर वीज बंद होते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर सुरू होतात. ही गरज मग कोळशाच्या, पाण्याच्या किंवा बाजारातून घेतलेल्या महाग विजेवर भागवावी लागते. दुपारी विजेची रेलचेल आणि संध्याकाळी ओढाताण, अशी ही स्थिती आहे.

चित्र किती उलटलं आहे, हे उद्योगांच्या जुन्या दरपत्रकावरून कळतं. अगदी अलीकडेपर्यंत कारखान्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रतियुनिट दीड रुपया सूट मिळायची आणि सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैसे जादा द्यावे लागायचे. आता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हीच स्वस्त वेळ झाली आहे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून हीच दिशा ठरवली होती. सौर तासांत दर किमान २० टक्के कमी असावा, गर्दीच्या वेळेत तो जास्त असावा आणि शेती सोडून इतर ग्राहकांना ही पद्धत १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू व्हावी, असं त्यात म्हटलं होतं. अट एकच, स्मार्ट मीटर हवा. जुन्या मीटरला महिन्याची एकूण युनिटं कळतात, पण ती दुपारी जळली की रात्री हे कळत नाही.

घरगुती ग्राहकाला नेमकं काय मिळतं?

स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घराला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर जुलै २०२५ पासून प्रतियुनिट ८० पैसे सवलत जाहीर झाली. पाच वर्षांत ती १ रुपयापर्यंत नेण्याचं नियोजन आहे. मीटरसाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेतले जाणार नाहीत, असं महावितरणने सांगितलं आहे. सर्वसामान्य घरांना प्रीपेड मीटर लावणार नाही, हे राज्य सरकारने जून २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे बिल नेहमीसारखं महिन्याच्या शेवटीच येतं.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दराची योजना आहे आणि तिथला ग्राहक वेगवेगळ्या कंपन्यांचे दर पाहून निवड करतो. मुंबईतही बेस्ट, टाटा आणि अदानी अशी नावं आहेत. नांदेड किंवा लातूरमध्ये महावितरणशिवाय पर्याय नाही. त्यामुळे इथे तुलना कंपन्यांची करायची नाही, तर आपल्याच घरातल्या दुपारच्या आणि रात्रीच्या वापराची करायची आहे.

एका घराचं गणित

समजा, नांदेडमधल्या चौघांच्या कुटुंबाचा उन्हाळ्यातला वापर महिन्याला २५० युनिट आहे.

- पहिली १०० युनिटं, पावणेसहा रुपयांनी: ५७५ रुपये
- पुढची १५० युनिटं, साडेबारा रुपयांनी: १,८७५ रुपये
- स्थिर आकार: सुमारे १३० रुपये
- या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क: सुमारे ४१३ रुपये

एकूण साधारण ३,००० रुपये. याच हिशेबाने १०० युनिटांत भागवणाऱ्या घराचं बिल सव्वाआठशेच्या आत राहतं. वापर अडीचपट, पण बिल साडेतीनपटीहून जास्त.

आता टीओडी. या घरातली १०० युनिटं सकाळी ९ ते ५ या वेळेत वापरली गेली, तर सवलत ८० रुपये. त्यावरचं वीज शुल्क वाचतं ते धरून सुमारे ९३ रुपये. ३,००० च्या बिलात हे तीन टक्के झाले. यासाठी घरातल्या कोणाला काही वेगळं करावं लागत नाही. फ्रीज चोवीस तास चालतो, त्यातले आठ तास आपोआप सवलतीत येतात. दुपारी घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील, तर कूलरही सवलतीतच चालतो.

त्यापुढे जाऊन रोजची दीड युनिटाची कामं संध्याकाळऐवजी दुपारी केली, तर महिन्याला ४५ युनिटं हलतील. त्याचे वाचतील शुल्कासह सुमारे ४२ रुपये.

कोणतं काम दुपारी हलतं, कोणतं नाही?

पाण्याची मोटर: घरात बोअर असेल, तर सर्वात सोपं काम हेच. एक एचपीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. टाकी सकाळी सातऐवजी दहाला भरली तर काही बिघडत नाही. पण नळाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्यांच्या हातात हे नाही. २०१६ च्या दुष्काळात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे नळ येईल तेव्हा मोटर लावायची ही सवय अंगवळणी पडलेली आहे. पाणी पहाटे आलं, तर मोटर पहाटेच लागणार.

वॉशिंग मशीन, इस्त्री, घरगुती गिरणी: ही कामं सहज दुपारी होतात. इस्त्री साधारण १,००० वॅटची असते, म्हणजे सलग तासभर तापली तर एक युनिट. नवरा-बायको दोघंही नोकरीला जात असतील, तर ही कामं रविवारसाठी राखून ठेवता येतील.

गीझर: दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. पण आंघोळ सकाळी सहा-सातला असते आणि ती वेळ सवलतीच्या बाहेर आहे. शाळा-कॉलेज असलेल्या घरात हे बदलणार नाही.

रात्रीचा अभ्यास: लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरं. हजारो मुलं खोल्या घेऊन राहतात, दिवसा क्लासला असतात आणि रात्री उशिरापर्यंत वाचतात. त्यांचा बहुतेक वापर पाचनंतरचा. शिवाय अनेक खोल्यांत घरमालकाचा सबमीटर असतो आणि युनिटमागे ठरलेला दर घेतला जातो. टीओडीची सवलत मुख्य मीटरच्या बिलात जमा होते. भाडेकरूपर्यंत ती पोहोचवायची की नाही, हे घरमालकावर आहे. खोली घेताना हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

इन्व्हर्टर: दुपारी स्वस्तात बॅटरी चार्ज करायची आणि रात्री ती वापरायची, असा विचार कोणी करत असेल तर तो आतबट्ट्याचा आहे. बॅटरीत वीज साठवताना आणि परत काढताना पाव हिस्सा वाया गेला, असं धरलं तरी साडेबाराच्या टप्प्यात एका युनिटामागे तीन रुपयांच्या वर नुकसान होतं. सवलत आहे ८० पैशांची.

मग खरी बचत कशात आहे?

दुसऱ्या टप्प्यातलं एक युनिट दुपारी हलवलं तर ८० पैसे वाचतात. तेच युनिट वापरलंच नाही तर साडेबारा रुपये वाचतात. म्हणजे एक युनिट वाचवणं हे साधारण पंधरा युनिटं दुपारी हलवण्याइतकं आहे.

पंख्याचं उदाहरण घ्या. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. रोज १२ तास चालला, तर महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. २५० युनिटांच्या घरात त्याचे शुल्कासह २३० रुपये होतात. एका पंख्याची ही बचत वरच्या सगळ्या टीओडी सवलतीपेक्षा जास्त आहे. १०० युनिटांच्या आतल्या घरात मात्र हाच फरक शंभर-सव्वाशे रुपयांचा असल्याने पंख्याचे पैसे वसूल व्हायला जास्त वेळ लागतो.

छत स्वतःचं असेल, तर 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटसाठी ३० हजार, २ किलोवॅटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे. मराठवाड्यात उन्हाची कमतरता नाही, अडचण असते ती सुरुवातीच्या खर्चाची.

छोट्या सवलतीही आहेत. कागदी बिलाऐवजी ई-बिल घेणाऱ्याला 'गो ग्रीन'मध्ये प्रत्येक बिलामागे १० रुपये सूट मिळते. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं, तर कर वगळून रकमेच्या १ टक्का सवलत आहे.

बिलात काय तपासायचं?

पहिलं, मीटर बदलला त्या महिन्याचं बिल. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग बिलात बरोबर आलं आहे का, हे पाहा. मीटर बदलताना दोन्हींचा फोटो काढून ठेवा. वाद झाला तर तोच पुरावा.

दुसरं, टीओडी सवलतीची नोंद. स्मार्ट मीटर बसूनही ती दिसत नसेल, तर विचारणा करा. उद्योगांना संध्याकाळच्या वापरावर जादा आकार लागतो आणि केंद्राच्या नियमांतही गर्दीच्या वेळेसाठी जादा दराची तरतूद आहे. त्यामुळे नवं दरपत्रक येईल तेव्हा घरगुती वर्गासमोर पाचनंतरचा रकाना जरूर वाचा.

तिसरं, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची युनिटं. मेच्या बिलाची तुलना जानेवारीशी करून उपयोग नाही. युनिटं तेवढीच आणि रक्कम जास्त असेल, तर दर किंवा इंधन समायोजन आकार वाढला आहे. युनिटंच वाढली असतील, तर वापर, वायरिंग किंवा मीटर, यांपैकी काहीतरी तपासावं लागेल. घरातली सगळी उपकरणं बंद करून मीटर पुढे सरकतो का, ही पहिली चाचणी घरीच करता येते.

तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. तोंडी तक्रारीवर थांबू नका, तिचा नोंदणी क्रमांक घ्या. स्थानिक कार्यालयात दाद लागली नाही, तर महावितरणच्या लातूर आणि नांदेड या दोन्ही परिमंडळांत ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याचाही निर्णय पटला नाही, तर पुढची पायरी विद्युत लोकपाल.