अंगतपंगत आणि चतकोर

युरोपातल्या लहान कंपन्यांनी परदेशी कंपनीला सोबत घेऊन संशोधन करावे, म्हणून २००८ पासून ‘युरोस्टार्स’ ही योजना चालू आहे. तिची नियमावली वाचायला घेतली की पहिल्याच पानांत एक गोष्ट खटकते. या योजनेत सीमा ओलांडते ते फक्त काम, पैसा आपापल्या देशातच राहतो. डेन्मार्कच्या कंपनीला तिथला इनोव्हेशन फंड पैसे देतो, डच कंपनीला आरव्हीओ ही सरकारी संस्था देते, स्विस कंपनीला इनोस्विस आणि तुर्की कंपनीला तुबिटाक. प्रकल्प एक, प्रस्ताव एक, परीक्षण एक, पण तिजोऱ्या जितके देश तितक्या. ब्रुसेल्सच्या भाषेत याला ‘आभासी सामाईक निधी’ म्हणतात. आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असलेला शब्द आहे, अंगतपंगत. डबा ज्याने त्याने घरून आणायचा, बसायचे मात्र एका ओळीत. टीकाकार या व्यवस्थेला कोतेपणा म्हणतात: एकत्र संशोधन करायचे म्हणता आणि पैसा मात्र कुंपणाबाहेर जाऊ देत नाही! मला उलटे वाटते. पस्तीसहून अधिक देश या पंगतीत टिकून आहेत ते याच कुंपणामुळे. योजनेचा खरा कच्चा दुवा कोतेपणा नाही, डबे वेळेवर येण्याचा आहे. आणि तो दुवा सांधून धरण्यासाठी लागणारी रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान असली, तरी तिच्याशिवाय बाकीचे सगळे लुळे पडते.

कामाची चाल पाहिल्याशिवाय हे पटणार नाही. समजा, बारा माणसांची एक डॅनिश कंपनी दुधातला जिवाणूसंसर्ग झटपट ओळखणारा सेन्सर बनवते आणि चाळीस माणसांची डच कंपनी दूध काढण्याची यंत्रे बनवते. सेन्सर यंत्रात बसवायचा तर दोघांनी दोन-अडीच वर्षे एकत्र राबायला हवे. नियमानुसार प्रकल्पाचे पुढारपण एखाद्या नवप्रवर्तक लघु-मध्यम कंपनीकडेच हवे. किमान दोन देशांतले दोन स्वतंत्र भागीदार हवेत. खर्चाचा निम्मा तरी वाटा लहान कंपन्यांचा हवा, कोणाही एका भागीदाराचा किंवा देशाचा वाटा सत्तर टक्क्यांवर जाता कामा नये, काम छत्तीस महिन्यांत संपले पाहिजे आणि त्यानंतर दोन वर्षांत माल बाजारात यायला हवा. ही शेवटची अट विद्यापीठी संशोधनाला सवयीच्या मंडळींना दांडगाईची वाटते, पण कारखानदाराच्या कानाला ती ओळखीची आहे. प्रस्ताव ब्रुसेल्सच्या सचिवालयात जातो, तीन स्वतंत्र तज्ज्ञ तो आपापल्या जागी वाचतात, मग एक परीक्षक मंडळ सगळ्या प्रस्तावांची एकच गुणानुक्रम यादी लावते. इथवर सगळे सुरळीत असते. अडचण यादी लागल्यानंतर सुरू होते, कारण यादी सगळ्यांची एक असली तरी प्रत्येक देशाचे पाकीट तिच्यावर वेगवेगळ्या जागी संपते.

आपला दुधाचा प्रकल्प यादीत विसावा आला असे धरू. डच पाकिटात अजून पंचविसाव्या क्रमांकापर्यंत पुरेल एवढा पैसा आहे, पण डॅनिश पाकीट अठराव्यालाच रिकामे झाले. मग प्रकल्प पडतो, अर्धा नव्हे, आख्खा. डच कंपनीचा काही दोष नसताना, तिच्या सरकारकडे पैसे असताना, परीक्षकांनी प्रकल्प चांगला ठरवलेला असताना तिचा डबा न उघडता परत जातो. पाकीट पुरले तरी पेच संपत नाहीत. एक सरकार अनुदान देते, दुसरे सवलतीचे कर्ज. एक देश प्रकल्पातल्या विद्यापीठाचा खर्च उचलतो, दुसरा उचलत नाही. बहुतेक युरोपीय सरकारांचे आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, ब्रिटनचे एप्रिलमध्ये. त्यात भागीदारी करारावर सह्या झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. प्रकल्पाआधीचे ज्ञान कोणाचे, प्रकल्पातून निघालेले कोणाचे, एक कंपनी बुडाली तर पेटंटचे काय, तंटा कोणत्या देशाच्या न्यायालयात न्यायचा, हे सारे त्या करारात हवे. मोठ्या कंपनीकडे यासाठी कायदा विभाग असतो. बारा माणसांच्या कंपनीत हे काम बहुधा मालकच रात्री करतो, नाहीतर ताशी दराने वकील लावतो. यात महिने जातात, आणि ज्या बाजारासाठी प्रकल्प मांडला तो काही थांबून राहत नाही.

इथे त्या लहान रकमेचे महत्त्व कळते. पहिल्या पर्वासाठी सदस्य देशांनी मिळून सुमारे ३० कोटी युरो आणि युरोपीय संघाने १० कोटींपर्यंत देण्याचे ठरले. २०१४ ते २०२० च्या दुसऱ्या पर्वात देशांचे सुमारे ८६ कोटी १० लाख युरो होते आणि संघाचे जास्तीत जास्त २८ कोटी ७० लाख. दोन्ही वेळा प्रमाण एकच: तीन वाटे देशांचे, एक वाटा संघाचा. म्हणजे एका भाकरीचा चतकोर. हिशेबाच्या वहीत हा चतकोर मदतीसारखा दिसतो, पण त्याचे खरे मोल त्याला बांधलेल्या अटीत आहे. संघाचा पैसा हवा असेल तर देशांनी सामाईक यादीचा क्रम पाळायचा, मधला प्रस्ताव वगळून आपल्या आवडत्या कंपनीला पुढे काढायचे नाही. ही शिस्त किती दुर्मीळ आहे ते त्याच घरातल्या जुन्या व्यवस्थेकडे पाहिले की कळते. १९८५ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने ‘युरेका’ हे संशोधन-सहकार्याचे जाळे उभे राहिले. युरोस्टार्स त्याचेच अपत्य. युरेकाच्या मूळ प्रकल्पांत प्रत्येक देश प्रस्ताव स्वतः तपासतो, स्वतःच्या निकषांवर, स्वतःच्या वेळापत्रकाने. एका देशाचा होकार दुसऱ्याला बांधत नाही. मोठ्या कंपन्यांना हे परवडते, त्या एका सरकारचा होकार हातात घेऊन दुसऱ्याची वाट पाहू शकतात. लहान कंपनीला वाट पाहणे हाच सगळ्यात महागडा खर्च असतो. म्हणून मला चतकोर खिरापत वाटत नाही. पंगतीत कोणी कधी बसायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याने विकत घेतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सगळा पैसा एका भांड्यात घालून भिशीसारखा का वापरू नये? तसे करून पाहिलेले लोक आहेत. अमेरिका आणि इस्रायलने १९७७ साली ‘बर्ड फाउंडेशन’ स्थापन केले. दोन्ही सरकारांनी मिळून ११ कोटी डॉलरचा कायम निधी ठेवला, त्याच्या व्याजातून आणि परतफेडीतून दोन्ही देशांच्या कंपन्यांच्या जोडीला खर्चाच्या निम्म्यापर्यंत पैसा मिळतो. माल विकला गेला तर रॉयल्टीच्या रूपाने कंपनी मूळ रकमेच्या दीडपटीपर्यंत परत करते, प्रकल्प फसला तर काही देणे लागत नाही. मंडळ एक, निर्णय एक, धनादेश एकाच खात्यावरचा. हजारावर प्रकल्प या भांड्यातून गेले आहेत. लहान उद्योजकाच्या नजरेने पाहिले तर ही व्यवस्था अंगतपंगतीपेक्षा उजवी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भिशी चालते ती एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या घरांची. दोन देशांनी पैसा एकदाच अडकवून ठेवला आणि तो कोणाच्या कंपनीला किती गेला हे दरवर्षी विचारले नाही, म्हणून बर्ड टिकले. तीस-पस्तीस अर्थमंत्र्यांकडून ही अपेक्षा करता येत नाही. युरोपियन स्पेस एजन्सीत सामाईक भांडे आहे, पण तिथे प्रत्येक देशाने घातलेल्या पैशाच्या प्रमाणात त्याच्या उद्योगांना कंत्राटे परत मिळावीत असा नियम आहे, आणि त्यापायी कामाची वाटणी गुणवत्तेपेक्षा नकाशाकडे पाहून होते अशी तक्रार जुनी आहे. म्हणजे कुंपण मोडले तरी ते कंत्राटवाटपात पुन्हा उगवते. त्यापेक्षा ते उघडपणे पैशात राहिलेले बरे, निदान परीक्षण तरी त्यापासून सुटते.

दुसरा आक्षेप जास्त मुळावर घाव घालणारा आहे. कंपनीला फायदा होणार असेल तर तिने स्वतःचे पैसे लावावेत, करदात्याचे कशाला? याचे पुस्तकी उत्तर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरोने १९६२ मध्येच देऊन ठेवले. नव्या ज्ञानाचा सगळा फायदा ते निर्माण करणाऱ्याला गोळा करता येत नाही, म्हणून बाजाराच्या भरवशावर ठेवले तर संशोधन गरजेपेक्षा कमी होते. पण ॲरोचा तर्क संशोधनावर खर्च करायला सांगतो, लहान कंपन्यांवर किंवा सीमेपलीकडच्या जोड्यांवर नव्हे, आणि सरकारी पैशाने खाजगी पैसा वाढतो की फक्त त्याची जागा घेतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ठोस पुरावा आहे तो अमेरिकेतल्या लघुउद्योग-संशोधन अनुदानांचा. सब्रिना हॉवेल यांनी तिथल्या ऊर्जा खात्याची अनुदाने तपासली. दीड लाख डॉलरच्या आसपासच्या पहिल्या लहान अनुदानाने कंपनीला पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली. दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी मोठ्या रकमेचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. जॉश लर्नर यांच्या आधीच्या अभ्यासातही अनुदान मिळालेल्या कंपन्या जास्त वाढल्या, पण फक्त तिथे, जिथे आसपास भांडवल देणारे होते. आणि अनुदानावर अनुदान मिळवणाऱ्यांची वाढ त्या मानाने झाली नाही. हे निष्कर्ष देशांतर्गत योजनांचे आहेत, म्हणून ते युरोस्टार्सला जसेच्या तसे लावणार नाही. एवढे मात्र त्यांतून निघते की लहान कंपनीच्या बाबतीत रकमेच्या आकारापेक्षा ती कधी आणि कशासाठी मिळते याला जास्त वजन आहे. तसे असेल तर यादी लागल्यावर सह्यांमध्ये जाणारा प्रत्येक महिना अनुदानाच्या किमतीतून वजा होतो.

जोडीदाराची सक्तीच नको, असेही म्हणणारे आहेत. युरोपीय संघाने २०१४ पासून तेही करून पाहिले. ‘एसएमई इन्स्ट्रुमेंट’ या योजनेत एकटी कंपनी अर्ज करू शकत होती, पहिल्या टप्प्याला ५० हजार युरो ठोक. अर्जांचा पूर आला आणि शंभरात दहा अर्जसुद्धा मंजूर होईनात. अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागारांचा धंदा मात्र तेजीत आला. जोडीदाराच्या अटीत हीच गोष्ट दडलेली आहे: ज्या कंपनीसाठी दुसऱ्या देशातली कंपनी स्वतःचा निम्मा खर्च घालायला तयार होते, तिची एक परीक्षा परीक्षकांच्या आधीच झालेली असते. लुटुपुटीची लग्नेही लागतात, हे खरे. पण दोन्ही बाजूंना खिशात हात घालावा लागत असेल तर अशी लग्ने फार काळ निभावत नाहीत.

नियमांच्या बारीक अक्षरात एक विसंगती मात्र अशी आहे की तिचे समर्थन करणे मला जमत नाही. युरोपच्या सरकारी मदतीच्या नियमांनुसार ‘अडचणीतल्या’ कंपनीला अनुदान देता येत नाही, आणि तोट्यामुळे निम्म्याहून जास्त भागभांडवल बुडाले असेल तर कंपनी अडचणीतली ठरते. हा नियम बुडती जहाजे सरकारी पैशाने तरंगत ठेवू नयेत म्हणून केला, ते ठीक. पण संशोधनावर जगणारी कंपनी माल विकण्याआधी भांडवलच खात असते, तिचा ताळेबंद दुसरे काय दाखवणार? तीन वर्षांच्या आतल्या लहान कंपन्यांना यातून सूट आहे. चौथ्या वर्षी, म्हणजे नेमकी प्रयोगशाळेतून कारखान्यात जायच्या वेळी, ती सूट संपते.

भारत युरोस्टार्सच्या पंगतीत नाही, पण आपल्याकडची मांडणी तिच्याच ओळखीची आहे. २०१० मध्ये स्थापन झालेले भारत-जर्मन विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र ‘दोन अधिक दोन’ प्रकल्प चालवते, प्रत्येक देशातून एक संशोधन संस्था आणि एक उद्योग. तंत्रज्ञान विकास मंडळ आणि सीआयआय ही उद्योगांची संघटना यांनी मिळून काढलेली ‘गीता’ ही कंपनी निरनिराळ्या देशांबरोबरच्या संयुक्त योजना राबवते. इस्रायलबरोबर २०१७ मध्ये ठरलेला चार कोटी डॉलरचा निधीही पाच वर्षे दोन्ही सरकारांनी दरसाल प्रत्येकी ४० लाख डॉलर घालण्याच्या बोलीवर उभा राहिला. म्हणजे आपल्याकडे पंगती बऱ्याच आहेत, पण बहुतेक दोन पानांच्या, आणि चतकोर घेऊन मध्ये बसणारा तिसरा कोणी नाही. त्यात व्याख्यांचा घोळ. युरोपात लघु-मध्यम म्हणजे २५० पेक्षा कमी माणसे, आणि उलाढाल ५ कोटी युरोपर्यंत किंवा ताळेबंद ४ कोटी ३० लाखांपर्यंत. आपल्याकडे माणसे मोजत नाहीत, यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि उलाढाल मोजतात. एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाच्या उलाढालीची मर्यादा ५०० कोटी रुपये आहे. युरोचा भाव शंभराच्या आसपास धरला तर उलाढालीचा आकडा जवळजवळ जुळतो. पण भोसरीत चारशे कामगार असलेला सुटे भाग बनवणारा कारखाना इथे लघु-मध्यम उद्योगाचे ‘उद्यम’ प्रमाणपत्र दाखवील आणि युरोपच्या मोजपट्टीत मोठी कंपनी ठरेल. चाकण-भोसरी पट्ट्यात जर्मन कंपन्यांना माल पुरवणारे असे किती तरी आहेत. एका बाजूला डिसेंबरअखेरचा हिशेब, दुसऱ्या बाजूला मार्चअखेरचे उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) आणि सीएचा शिक्का, मध्ये दोन देशांचे करार. असा एखादा कारखानदार जर्मन भागीदाराबरोबर अर्ज करायला बसला, की किती टक्के मिळणार हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, पहिला हप्ता कधी येईल. आणि त्याचे उत्तर दोन्ही देशांतल्या कोणत्याही एका कार्यालयाकडे नसते.